उजेडबाबा आणि स्टुडिओतली खुर्ची

"आले! बाबा आले! अगं बाई, खरंच आले!"

पहिली आरोळी पुढच्या रांगेतून उठली आणि मग काय विचारता! अख्ख्या गोदामात एकच गिल्ला झाला. कोणी हात जोडले, कोणी शेजाऱ्यालाच मिठी मारली. एका शिंपीकाकांनी तर आनंदाच्या भरात पुढची रिकामी खुर्चीच कवटाळली. चारशे माणसं समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे डोळे फाडून बघत होती. आणि भिंतीवर होतं काय? काहीही नव्हतं. चित्र नाही, दिवा नाही, कुठे फटीतून येणारा कवडसासुद्धा नाही. नुसता पांढराफेक रंग, तोही रंगाचं दुकान असलेल्या शेटजींनी परवाच भक्तिभावाने लावून दिलेला. तरीही त्या कोऱ्या भिंतीवर प्रत्येकाला उजेडबाबा दिसत होता, पांढऱ्या झग्यातला, काळ्याभोर दाढीचा, हात उंचावून हसणारा.

आणि खरा उजेडबाबा? तो बाजूच्या मंचावर मऊ गादीवर मांडी घालून बसला होता आणि मांडीवरची मुंगी झटकत होता.

"जिकडे बघाल तिकडे बाबा!" त्याचा चेला माईकवर ओरडला. या चेल्याला सगळे भोंगा म्हणत, आणि त्याचा आवाज ऐकल्यावर का म्हणत हे कोणी विचारत नसे. "वर बघा, बाबा वर! खाली बघा, बाबा खाली! पुसट झाले? पापणी मिटा, उघडा. आले की नाही परत? अहो, तुमचा जावई इतक्या हाकेला येतो का?"

हशा पिकला. तिसऱ्या रांगेत फोटोवालीसुद्धा हसली, पण तिच्या अंगावर सरसरून काटा आला होता. कारण तिलाही बाबा दिसला होता. चांगला ठसठशीत!

ही फोटोवाली म्हणजे चौकातल्या स्टुडिओची मालकीण. लग्नं, साखरपुडे, बारशी, पासपोर्ट, शाळेची ओळखपत्रं, म्हाताऱ्यांचे 'जाण्याआधी एक चांगला काढून ठेव गं' छापाचे फोटो, सगळं तीच करायची. बाबा-बुवांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आज ती आली होती ती आत्यासाठी. आत्यानेच तिला लहानाचं मोठं केलं होतं, आणि आत्याच आता तिचा हात घट्ट धरून शेजारी बसली होती. आत्याच्या गालांवरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

"दिसले ना गं तुलाही? खरं सांग."

"दिसले," फोटोवाली म्हणाली. खोटं कसं बोलणार? दिसलं ते दिसलं.

"मग? मी म्हणत होते की नाही! आणि तू मला वेड्यात काढत होतीस."

 फोटोवालीने पुन्हा पापणी मिटून उघडली. बाबा परत आला. झगा, दाढी, हात आणि बाबाच्या पाठीमागे एक खुर्ची. उंच पाठीची, नक्षीची, राजेशाही खुर्ची. तिच्या पाठीला वर डाव्या कोपऱ्यावर लाकडाचा एक गोळा, आणि उजव्या कोपऱ्यावर... उजव्या कोपऱ्यावर काहीच नाही!

"अगं आई गं!" फोटोवाली ताडकन उभी राहिली.

"काय झालं? साक्षात्कार झाला का?" मागून कोणीतरी आशेने विचारलं.

"झाला," ती म्हणाली आणि खाली बसली.

त्या खुर्चीला तिने शंभर खुर्च्यांतून ओळखलं असतं. बापाच्या वेळेपासून स्टुडिओत होती ती. दोन वर्षांपूर्वी एक धिप्पाड नवरदेव तिच्यावर ऐटीत रेलला, कडकन आवाज झाला आणि उजवा गोळा टुणटुणत थेट नवरीच्या पायाशी गेला. तेव्हापासून फोटोवाली गिऱ्हाइकाचा खांदा नेमका त्या कोपऱ्यासमोर येईल असा बसवायची. पण एखाद्याने हट्टाने हात वर केला की खांदा सरकायचा आणि मोडका कोपरा उघडा पडायचा. आता तुम्हीच सांगा, बाबा जर आकाशातून उतरून भिंतीवर येत होता, तर येताना चौकातल्या स्टुडिओतली मोडकी खुर्ची कशाला घेऊन आला?

तिने मान वळवून मंचावरचं ते 'दिव्य चित्र' पाहिलं. दर्शनाआधी त्याच्याकडेच एकटक बघायचं असायचं. नियम भोंग्याने घोकून घेतला होता: चित्राच्या नाकावरच्या लाल ठिपक्यावर नजर ठेवायची, पन्नास वेळा 'उजेड' म्हणायचं, पापणी लववायची नाही. "पापणी लवली की पुण्य सांडलं! आणि सांडलेलं पुण्य भरून मिळत नाही!" मग भिंतीकडे बघायचं. ज्याला बाबा दिसला नाही, त्याचं मन मळलेलं! चित्र मोठं चमत्कारिक होतं. निळसर काळा चेहरा, दाढी पांढरी, झगा काळाकुट्ट, भोवती सगळं पांढरं. लोक म्हणत, हे बाबाचं आतलं रूप.

आतलं रूप कसलं डोंबलाचं! ती निगेटिव्ह होती.

*

तिला हसू आवरेना, पण हसण्यासारखी परिस्थिती नव्हती. त्याचं कारण आत्याच्या कपाटात होतं.

आत्याला काचबिंदू होता. डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षांपूर्वी स्पष्ट सांगितलं होतं: डोळ्यांच्या आतला दाब वाढतो, नजर कडेकडेने विझत जाते, गेलेली परत येत नाही. उरलेली राखायची तर सकाळ-संध्याकाळ थेंब, एकही दिवस खाडा नको. आत्या तीन वर्षं इमानाने थेंब घालत होती. आणि मग आला हा उजेडबाबा. "ज्याला भिंतीवर प्रकाश दिसला, त्याच्या डोळ्यांना औषध कशाला? औषध घालणं म्हणजे अविश्वास घालणं!" झालं. आत्याने बाटली उचलली, कपाटात साड्यांच्या मागे ठेवली आणि वर कुलूप लावलं. आज बारावा दिवस होता.

"आत्या, ऐक माझं," घरी येताना वाटेत फोटोवाली म्हणाली. "तो फोटो मी काढलेला आहे. आपल्या खुर्चीत बसवून काढलाय. तीन महिन्यांपूर्वी एक माणूस आला होता, नाटकात राजाचं काम करतो म्हणाला. तोच हा."

"बरं मग?"

"मग काय! निगेटिव्ह आहे ती. निगेटिव्हकडे टक लावून बघितलं की डोळ्यांपुढे उलटं चित्र उमटतं."

आत्या रस्त्यात थांबली. "निगेटिव्ह मला शिकवतेस? या हातांनी चाळीस वर्षं निगेटिव्हवर ब्रश फिरवलाय. किती नवऱ्यांचे मुरूम घालवले, किती नवऱ्यांना केस दिले! असा निळा माणूस नाही पाहिला कुठल्या निगेटिव्हमध्ये."

खरं होतं ते. आत्या म्हणजे स्टुडिओतली जुनी रिटच करणारी. पण तिचा सगळा जमाना काळ्यापांढऱ्याचा. रंगीत फोटो संगणकावर एका कळीने उलटा केला की माणूस निळा होतो, हे तिच्या गावीही नव्हतं.

"मी करून दाखवते. घरी चल."

"काही नको. बाबांनी सांगितलंय, दुसऱ्या कुठल्या चित्राकडे असं बघायचं नाही, डोळे जळतात. आणि समजा तुझ्या स्टुडिओत बाबा दिसलेच, तर ती बाबांचीच कृपा नाही का? तूच त्यांचा फोटो काढलास. भाग्याची आहेस."

घ्या! पालथ्या घड्यावर पाणी. फोटोवालीला रडू येतंय की राग येतोय हे तिचं तिलाच कळेना.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओ उघडल्या उघडल्या तिने संगणकातलं जुनं गाठोडं सोडलं. फोटोवाली कुठलाच फोटो पुसत नसे. मिटल्या डोळ्यांचे, जांभयांचे, तोंडात घास असलेले असे सगळे एका कप्प्यात जमा. कप्प्याचं नाव 'प्रसाद'. त्यात 'राजाचं काम करणारा' सापडला. अकरा फोटो होते. दहा ऐटीतले आणि एक शिंकेचा. ऐन शिंकेच्या क्षणी फ्लॅश उडाला होता. डोळे गच्च मिटलेले, नाकपुड्या बोगद्यासारख्या आणि तोंड असं उघडलेलं की पडजीभ मोजून घ्यावी.

तिने आधी ऐटीतला फोटो उलटा केला. निळा बाबा हजर! नाकावर लाल ठिपका टाकला, पन्नास आकडे मोजले आणि स्टुडिओच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. बाबा आला, मोडक्या खुर्चीसकट.

"आला मेला!" ती टाळी वाजवून ओरडली.

पासपोर्ट फोटोसाठी आलेले पोस्टमनकाका दचकले. "कोण आला?"

"काका, जरा इकडे बघा. या ठिपक्याकडे. पन्नास मोजा."

काकांनी मोजले आणि भिंतीकडे बघून खुर्चीसकट मागे सरकले. मग फोटोवालीने चहाच्या कपाचा फोटो उलटा केला, काकांना भिंतीवर कप दिसला. शेजारच्या इस्त्रीवाल्याला मांजर दिसलं. एका होणाऱ्या नवरीला छत्री दिसली, आणि ती एवढी खूश झाली की लग्नाच्या फोटोंचं ठरवायला आली होती ते विसरून छत्री पुन्हा दाखवा म्हणत बसली. तासाभरात स्टुडिओत इतकी गर्दी झाली की विचारू नका. माणसं ओळीने ठिपक्याकडे बघत पुटपुटत होती आणि मग भिंतीकडे बघून लहान पोरांसारखी खिदळत होती.

"म्हणजे बाबाचं काही नाही यात?" इस्त्रीवाल्याने डोळे चोळत विचारलं.

"फ्लॅश उडाला की डोळ्यांपुढे डाग नाचतो की नाही?"

"नाचतो."

"कुठल्या बाबाच्या कृपेने?"

इस्त्रीवाला खो-खो हसला आणि मग तापत ठेवलेली इस्त्री आठवून धावत सुटला. तिकडे एका शर्टाचं भलं झालं असणार.

सगळ्या गल्लीला कळलं. एका आत्यालाच कळेना, कारण ती बघतच नव्हती. स्टुडिओत आली तर दाराशीच डोळ्यांवर हात धरायची. तेरावा दिवस गेला, चौदावा गेला. चौदाव्या दिवशी चहा ओतताना तिने कपाच्या शेजारी ओतला. "टेबल हललं गं," ती म्हणाली. टेबल काही हललं नव्हतं. फोटोवालीने फडक्याने चहा पुसला, आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडून रडली.

*

रविवारी रंगवाल्या शेटजींच्या मुलीचं लग्न होतं. फोटोचं काम अर्थातच फोटोवालीकडे. शेटजी म्हणजे उजेडबाबाचे पट्टशिष्य. त्यांनी नवरानवरीला आशीर्वाद द्यायला बाबालाच बोलावलं होतं, आणि सगळ्या पाहुण्यांना सामुदायिक दर्शन घडवायचं ठरवलं होतं. आत्या पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

पण एक अडचण निघाली. हॉल मोठा, माणसं सातशे, आणि बाबाचं चित्र दारापासून पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसे. भोंगा घाम पुसत फोटोवालीकडे आला. ती स्टेजजवळ आपल्या प्रोजेक्टरपाशी उभी होती. त्यावर ती नवरानवरीचे लहानपणचे फोटो दाखवणार होती.

"ताई, तुमच्या त्या पडद्यावर आमचं चित्र मोठं करून दाखवता येईल का? आणि मग नुसता पांढरा पडदा?"

देव असो वा नसो, अशा वेळी कोणाचे तरी आभार मानावेसे वाटतात. फोटोवालीने चेहरा कोरा ठेवला. "येईल की. त्यात काय!"

भोंग्याने पेन ड्राइव्ह दिला. तिने तो अदबीने घेतला आणि खिशात टाकला. मग गळ्यातल्या पिशवीतून दुसरा काढला.

गेल्या दोन रात्री तिने झोप मोडून विचार केला होता. मांजर दाखवावं का? गाढव दाखवावं का? लोक हसले असते, पण आत्या म्हणाली असती, बाबांची लीला. आत्याला असं काही दाखवायला हवं होतं, ज्याच्याविषयी जगात तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. म्हणून तिने माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला होता.

पडदे ओढले गेले. हॉलमध्ये अंधार झाला. पडद्यावर एक भलंमोठं निगेटिव्ह चित्र उजळलं: काळा चेहरा, पांढरे केस, पांढरंशुभ्र मागचं सगळं, नाकावर लाल ठिपका. निगेटिव्हमधला चेहरा ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. बाबा स्वतः तर पडद्याकडे पाठ करून, डोळे मिटून, हात उंचावून बसला होता. भोंग्याला तेवढं जाणवलं. "आज निळे नाहीत," तो पुटपुटला.

"प्रोजेक्टरचा रंग जरा गेलाय," फोटोवाली म्हणाली. "लोक खोळंबलेत. करा सुरू."

"म्हणा! उजेड!"

सातशे माणसांनी पन्नास वेळा 'उजेड' म्हटलं. हॉलची तावदानं थरथरली.  पन्नासावा उजेड झाला आणि फोटोवालीने बटण दाबलं. पडदा पांढरा झाला.

सातशे माणसांनी पापण्या मिटल्या, उघडल्या.

"आले! बाबा आ..." पहिली आरोळी निघाली आणि घशातच अडकली.

"हे कोण?"

"अहो, बाबांना वेण्या आल्या!"

"फ्रॉक! फ्रॉक घातलाय बाबांनी!"

पांढऱ्या पडद्यावर एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी हसत होती. दोन वेण्या, एक पुढे आणि एक मागे, वेणीला कोबीच्या गड्ड्याएवढं रिबिनीचं फूल, चौकटीचा फ्रॉक. ती नक्षीच्या खुर्चीत ऐसपैस बसली होती, आणि खुर्चीला दोन्ही गोळे शाबूत होते.

हॉलमध्ये नुसता गदारोळ! नवरीने नवऱ्याच्या कोटाची बाही धरली. नवरदेवाच्या काकांनी तर "मला दाढी दिसतेय, मला दाढीच दिसतेय," म्हणत पुण्य वाचवायचा प्रयत्न केला. बाबाने गोंधळ ऐकून एक डोळा उघडला, पडद्याकडे वळला. त्याला अर्थात काहीच दिसलं नाही, कारण त्याने चित्राकडे बघितलंच नव्हतं.

पण माणूस कसलेला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! "शांत व्हा, बाळांनो! काय दिसतंय? मुलगी? ती मीच! आज मी तुम्हाला माझ्या कुमारी देवीरूपात दर्शन दिलं आहे! हे रूप मी हजार वर्षांत एकदा..."

"कसली देवी!"

पहिल्या रांगेत आत्या उभी राहिली होती. पांढऱ्या पडद्याकडे बोट रोखून, पापण्या मिटत आणि उघडत.

"देवी कसली? ती मी आहे!"

सातशे माना तिच्याकडे वळल्या.

"मी आहे ती! चौकटीचा फ्रॉक माझा. माझ्या दादाने पहिला कॅमेरा घेतला तेव्हा पहिला फोटो माझा काढला, त्याच खुर्चीत. आणि माझा पुढचा दात अर्धा तुटलेला होता, तो मी निगेटिव्हवर पेन्सिलीने पुरा केला. माझं पहिलं रिटच ते! आणि हा सांगतोय, हजार वर्षांत एकदा!" आत्या बाबाकडे वळली. "का हो बाबा, देवीरूपात कुठला दात तुटला होता तुमचा? सांगा. डावा की उजवा?"

बाबाने नकळत स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवली. लोकांना तेवढं पुरे झालं. हशाची अशी लाट आली की स्टेजवरची फुलं हलली.

"डावा!" बाबा शेवटी म्हणाला.

"उजवा!" आत्या कडाडली.

"अरे, पण माझ्या बाजूने डावा..."

पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. तेवढ्यात फोटोवालीने माईक घेतला.  "मंडळी, बाबा म्हणतात ते सगळ्या रूपांत येतात. आणखी एक रूप बघायचं? मोजा पन्नास. या वेळी 'उजेड' नको, नुसते आकडे म्हणा. बघू, देव आकड्यांनाही येतो का!"

लोकांना आता कोण थांबवणार! पडद्यावर निळा माणूस आला, ठिपका आला, आणि सातशे माणसं एक, दोन, तीन करत शाळेतल्या पाढ्यांसारखी ओरडायला लागली. बाबा "बंद करा, बंद करा!" म्हणत होता, पण त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. सगळ्यांची नजर ठिपक्यावर. पन्नास! पडदा पांढरा.

आणि पांढऱ्या पडद्यावर उजेडबाबा शिंकला.

डोळे गच्च मिटलेले, तोंडाचा आ, हात उंचावलेला, मागे एका गोळ्याची खुर्ची. नवरी हसून हसून स्टेजवरच बसली. शिंपीकाका पोट धरून "पापणी मिटा, परत येतो! अहो, परत शिंकतो!" असं ज्याला त्याला सांगत सुटले. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "बाबा, रुमाल देऊ का?"

हशा ओसरला तेव्हा फोटोवालीने सगळं उलगडून सांगितलं. डोळ्याच्या आत एक पडदा असतो. त्यावर उजेड पडला की तिथला भाग काम करतो, आणि बराच वेळ एकाच जागी उजेड पडला की तो भाग दमतो. जिथे काळं होतं तिथला भाग आराम करतो. मग पांढऱ्याकडे बघितलं की दमलेल्या भागाला पांढरं मळकट दिसतं आणि ताज्या भागाला झगझगीत. म्हणून काळ्याचं पांढरं होतं, पांढऱ्याचं काळं, निळ्या चेहऱ्याचा माणसाच्या रंगाचा चेहरा. नजर फिरवली की चित्र फिरतं, कारण ते भिंतीवर नसतंच, तुमच्या डोळ्यात असतं. "लाल ठिपका नजर हलू नये म्हणून. पापणीचा धाक त्याचसाठी. आणि दिसलं नाही तर मन मळलेलं, हे कशासाठी? तर न दिसणाऱ्यानेही दिसलं म्हणावं म्हणून!"

नवरदेवाच्या काकांनी हळूच मान खाली घातली.

"पण ताई," रंगवाले शेटजी स्टेजवरून म्हणाले, चेहरा चुन्यासारखा झालेला, "भिंत तर मी रंगवली."

"छानच रंगवलीत, शेटजी. चमत्कारातली तेवढीच गोष्ट अस्सल होती."

उजेडबाबा कधी निसटला ते कोणाला कळलं नाही. मागच्या दाराने, भांडी घासणाऱ्यांच्या मधून गेला म्हणे, जेवायलाही थांबला नाही. भोंगा मात्र थांबला. पोटभर जेवला, दोनदा गोड वाढून घेतलं आणि जाताना फोटोवालीला म्हणाला, "ताई, पेन ड्राइव्ह तेवढा परत द्या. माझा आहे तो."

*

आत्या हॉलच्या पायऱ्यांवर एकटीच बसली होती. फोटोवाली कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून तिच्याजवळ बसली.

"रागावलीस?"

"तुझ्यावर कशाला?" आत्या म्हणाली. "चाळीस वर्षं निगेटिव्हवर डोळे फोडले मी. निळा असेना का, ओळखायला हवा होता गं. मलाच ओळखू आला नाही."

"रंगीत होता ना."

"रंगाचं निमित्त. मला ओळखायचाच नव्हता." तिने नाक पुसलं. "डॉक्टरीणबाई म्हणतात, गेलेलं परत येत नाही. तो म्हणाला, येतं. कोणाचं ऐकावंसं वाटेल, तूच सांग."

 फोटोवालीने आत्याचा हात हातात घेतला. थोड्या वेळाने आत्यानेच कमरेची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"साड्यांच्या मागे आहे बाटली. निळ्या साडीच्या. आणि उद्या मला डॉक्टरीणबाईंकडे ने. ओरडतील. ओरडू देत."

डॉक्टरीणबाई ओरडल्या, चांगल्या ओरडल्या. मग त्यांनी तपासलं, आणि ओरडायच्या थांबल्या. दाब खूप वाढला होता. डाव्या डोळ्याची कडेची नजर आणखी थोडी गेली होती. ती आता येणार नव्हती. उरलेली राहील, थेंब चुकवले नाहीत तर.

"सोळा दिवस," आत्या दवाखान्यातून बाहेर पडताना म्हणाली. "त्या मेल्याच्या एका फोटोपायी." फोटोवालीने तिला डाव्या बाजूने धरलं आणि तेव्हापासून ती नेहमी त्याच बाजूने चालते.

आजही त्या चौकात गेलात तर स्टुडिओच्या दाराशी काचेत एक काळंपांढरं चित्र लावलेलं दिसेल, काळ्या चेहऱ्याचं, नाकावर लाल ठिपका असलेलं. शेजारची भिंत पांढरीफेक. ती शेटजींनी रंगवून दिली, स्वतः शिडीवर चढून. आणि चित्राखाली आत्याच्या मोठ्ठाल्या अक्षरात पाटी आहे. आत्याला आता बारीक लिहिता येत नाही.

"ठिपक्याकडे बघा. पन्नास मोजा. मग भिंतीकडे बघा. जी दिसेल ती मी. मी देवी नाही, मला काचबिंदू आहे. कोणी चमत्कार दाखवला तर आधी घरी करून बघा. मी सांगते म्हणूनही विश्वास ठेवू नका, करून बघा. आणि औषध चालू ठेवा."

रोज सकाळी दहा वाजता आत्या त्या एका गोळ्याच्या खुर्चीत मान मागे टाकून बसते. फोटोवाली हातातला कॅमेरा बाजूला ठेवते आणि तिच्या डोळ्यांत एकेक थेंब सोडते. गिऱ्हाईक थांबलेलं असलं तर थांबतं.